पन्नास भोकांचा ठोकळा

त्या रविवारी सकाळी कोल्बी रीसच्या गराजमध्ये इतकी थंडी होती, की ड्रिलवर ठेवलेली बोटे आपली की शेजाऱ्याची, हे त्याला खात्रीने सांगता आले नसते. म्हणून बायकोची, टेसाची गाडी चर्चच्या वळणाआड गेली तशी त्याने आपली सगळी हत्यारे आत आणून जेवणाच्या टेबलावर मांडली. पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ या एवढ्याशा उबेत होते.

त्याला एक ठोकळा करायचा होता. त्याचे सासरे आर्व्हिड शिकारीची काडतुसे घरीच भरत. झाडून झालेली पितळी नळकांडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभी करायची, म्हणजे कुठल्यात बंदुकीची दारू पडली आणि कुठले रिकामे राहिले, हे नजरेला कळते. त्यांचा जुना ठोकळा उन्हाळ्यात चिरला होता.

"पन्नास भोकं," आर्व्हिड म्हणाले होते. "विकतचा चालणार नाही, भंगारातून कर. आणि भोकं पाडताना खाली टाकाऊ फळी ठेव. तुझे हात आणि तुझं डोकं एका गावात राहतात का, ते तरी बघू."

त्या वाक्यामागे जे न बोललेले होते, ते कोल्बीने बरोबर ऐकले होते. डोंगरातल्या शिकारीच्या तंबूत यंदा एक खाट रिकामी होती. टेसाच्या काकांचे गुडघे संपावर गेले होते. लग्नाला चार वर्षे झाली, आणि चारही शरदांत कोल्बीने अंगणात उभे राहून, दूर जाणाऱ्या ट्रककडे बघत हात हलवला होता. त्याला एल्क, म्हणजे तिकडचे थोराड हरीण, मारण्याची विशेष हौस नव्हती. पहाटेच्या धुक्यात, पलीकडच्या उतारावरून येणारी एल्कची लांबलचक, एकाकी साद एकदा ऐकावी, आणि ती ऐकताना शेजारी कुणीतरी आपले असावे, एवढीच त्याची इच्छा होती.

गावातला बोलिंग खेळायचा हॉल मोडला तेव्हा त्याने तिथल्या मेपलच्या लाकडी जमिनीचा एक तुकडा उचलून ठेवला होता. आरपार भोके पाडायची आणि मग खालून पातळ तळ चिकटवायचा, असा बेत होता. ड्रिल फिरू लागले. दुधाळ रंगाचा कीस वेटोळे घेत वर येऊ लागला आणि कोल्बी हळूहळू मनाने त्या स्वयंपाकघरातून निघून गेला. या लाकडावरून किती चेंडू घरंगळत गेले असतील, किती जणांनी श्वास रोखला असेल, याचा तो विचार करत राहिला. प्रत्येक भोकाच्या शेवटी कीस अचानक तांबूस होई. मेपलच्या अंतःकरणात असा उष्ण रंग लपलेला असतो, हे त्याला आजवर ठाऊक नव्हते. जगात किती गोष्टी अशा न विचारता राहून जातात, असे वाटून त्याचे डोळे किंचित पाणावले.

पन्नासावे भोक झाले. त्याने ठोकळा उचलला. खाली चेरीच्या लाकडाच्या टेबलावर, दहा-दहाच्या पाच ओळींत, पन्नास तांबूस खळगे त्याच्याकडे शांतपणे बघत होते.

टाकाऊ फळी गराजमध्ये होती.

हे टेबल सासूबाईंनी, मर्नाबाईंनी, आपल्या घरातले काढून लग्नात दिलेले. बाराला सगळे जेवायला येणार. घड्याळात सव्वाअकरा झालेले. मेण, चहाची पूड, बुटांचे पॉलिश, सगळे करून पाहिल्यावर खळगे अधिकच उठून दिसू लागले. शेवटी त्याला उपाय सुचला: टेबलाचा वरचा फळा उलटा करायचा. टेबलाखालच्या अंधारात सरपटत जाऊन त्याने चाचपडत आठ स्क्रू काढले, फळा कसाबसा उचलून पालथा केला, आणि तो जागच्या जागी थिजला.

त्या बाजूलाही पन्नास भोके होती. जुनी, काळवंडलेली, दहा-दहाच्या पाच ओळींत. कोपऱ्यात पेन्सिलीने, ओळखीच्या टोकदार अक्षरात लिहिले होते: 'पुढच्या वेळी खाली फळी.'

त्याच क्षणी मागचे दार उघडले. देवाला आपण डोंगरातच भेटतो असे सांगून चर्च टाळणारे आर्व्हिड नेहमीप्रमाणे लवकर आले होते. त्यांनी टेबल पाहिले, स्क्रू पाहिले, जावई पाहिला. मग वाकून फळ्याच्या खाली डोकावले.

"तुझी भोकं खोल गेलीत," ते म्हणाले.

"हो."

"रांगा मात्र सरळ आहेत. माझ्यापेक्षा."

"तुम्ही कधी..."

"टेसा रांगत होती तेव्हा. मर्ना तिला घेऊन आईकडे गेलेली. एका दुपारीत उलटवलं होतं." त्यांनी खिशातून पेचकस काढला. "बघत काय बसलास? धर तिकडून. माझी बाजू वर राहू दे, तुझ्या खळग्यांत तर वाटाणा हरवेल."

बाराला टेबलावर जाड लोकरी कापड होते.

"कापड कशाला?" टेसाने विचारले. "आज काही आहे का?"

"टेबलाला थंडी वाजत होती," आर्व्हिड म्हणाले आणि बटाट्यांकडे अतिशय लक्षपूर्वक बघू लागले.

कोल्बीने ठोकळा त्यांच्यापुढे ठेवला. आर्व्हिडनी खिशातले एक नळकांडे प्रत्येक भोकात घालून पाहिले. पन्नास वेळा. कौतुकाचा शब्द नाही, तंबूचा तर मुळीच नाही. कोल्बीला खिडकीबाहेरचा रिकामा रस्ता दिसला, आणि त्यावरून दूर जाणारा, अजून निघालेलाही नसलेला ट्रक.

मर्नाबाई रश्श्याचे भांडे ठेवायला वाकल्या. भांडे किंचित कलंडले. त्यांनी ते सावरले, दुसऱ्या हाताचा तळवा कापडावरून सावकाश फिरवला, एक ओळ, मग दुसरी, आणि रुमाल मांडीवर पसरून खुर्चीत बसल्या.

"आर्व्हिड," त्या म्हणाल्या, "आता वर कुणाची बाजू आहे?"

आर्व्हिडनी काटा ताटात ठेवला.

"माझी," आर्व्हिड म्हणाले.

"तीस वर्षं वाट बघतेय, कधी सांगशील म्हणून." त्यांनी जावयाच्या ताटात दोन बटाटे वाढले. "यंदा या पोराला बरोबर घेऊन जा. पुढल्या खेपेला उलटवायला टेबलाला तिसरी बाजू नाहीये."