जवाचा अर्क

कासाबाईंच्या घरात खाण्यापिण्याची कुठलीही वस्तू आधी देवापुढे जायची आणि मग माणसांपुढे यायची. नवा हरभरा असो की दुकानातला बिस्किटपुडा, बाळकृष्णापुढे ठेवून वर तुळशीचं पान टाकल्याशिवाय तो कुणाच्या तोंडाला लागत नसे. हा त्यांचा नेम अख्ख्या झरी गावाला ठाऊक होता. त्यांच्या मुलाला, योगीराजला, तर बोलता येण्याआधीच ठाऊक झाला होता. तरीही स्कॉटलंडहून सुट्टीवर आलेल्या योगीराजनं एकादशीच्या सकाळी आपली बॅग आईसमोर उघडी टाकली आणि तो अंघोळीला गेला. चूक झाली ती तिथंच.

तो बाहेर आला तेव्हा चॉकलेटं, बिस्किटं आणि तीन छोट्या बाटल्या देवघरात मांडल्या गेल्या होत्या. तिन्ही बाटल्यांच्या बुचांवर तुळस होती.

“हे काय रं बाबू? रंग तर मधावानी हाय,” कासाबाईंनी विचारलं.

योगीराजनं वडिलांकडे पाहिलं. वडील, बन्सीधर, आढ्याकडे पाहू लागले. ‘एकाच भट्टीची तीन वयं आण, आपुन चव लावून बघू,’ असं फोनवर सांगणारे तेच होते.

“जवाचा अर्क हाय माय,” योगीराज म्हणाला. खोटं बोललो नाही, एवढंच त्याला समाधान. “दादांच्या गुडघ्यासाठी.”

“आन हे बारा, पंधरा, आठरा?”

“तितकी वर्षं मुरवलेला. लाकडाच्या पिपात.”

कासाबाईंचा चेहरा उजळला. सासूबाईंनी घातलेलं लिंबाचं लोणचं त्यांच्याकडे अजून होतं, मुरून मुरून काळं पडलेलं. गावात कुणाचं पोट बिघडलं की त्याची फोड मागायला माणूस येई. मुरलेल्या वस्तूचा गुण त्यांना कुणी सांगायला नको होता. त्यातून जव म्हणजे होमात पडणारं धान्य.

“आज एकादस, धान्याचं चालत न्हाई,” त्या म्हणाल्या. “उद्या बारशीला उपास सोडताना घेऊ. भजनाच्या बायाबी यायल्यात. साऱ्यांचेच गुडघे गेलेत.”

“बायांना कामून?” बन्सीधर दचकले. “लय थोडं हाय ते.”

“परसाद थोडाच असतो.”

तुळस पडलेली वस्तू देवापुढून उचलायची बन्सीधरांची छाती होईना. “तू आणलंस, तू सांग,” ते मुलाला म्हणत. “तुमी मागवलं, तुमी सांगा,” मुलगा म्हणे. ह्या सांगासांगीत बारस उजाडली.

भजनाच्या बाया ओळीनं बसल्या. पहिल्या पंचफुलाबाई. भजनी मंडळात शब्द त्यांचा. सप्ताहाच्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन सगळ्यांच्या पुढे कुणी चालायचं, हे त्याच ठरवीत आणि यंदा त्यांनी कासाबाईंचं नाव घेतलं होतं. कितीतरी सप्ताह दुसऱ्यांच्या पाठी बघत चाललेल्या कासाबाईंना त्या दिवसापासून झोपेतही तुळस दिसत होती.

कासाबाईंनी पळी घेतली. बन्सीधर दारात उभे होते, पाय भाजल्यासारखे.

“दमानं गं. थोडं पाणी घाल वरून. थेंबभर.”

“पाणी कशाला?”

“वास खुलतो... म्हंजे, गुडघ्याला लागू पडतंय.”

मग प्रत्येकीच्या तळव्यावर पळीभर बाराचं, त्यावर थेंबभर पाणी. तळवा ओठाला लागला, डोळे मिटले, ते जरा उशिरानं उघडले.

“माय माय माय!” पंचफुलाबाईंच्या शेजारी बसलेल्या बायनाबाई म्हणाल्या. “चुलीच्या धुरात कुणी मध सांडलाय जणू.”

“आता पंधराचं घ्या.”

“ह्यात मनुका हायत. आन गुळाची ढेप फोडल्यावर येतोय तसा वास.”

अठराचं घेऊन पंचफुलाबाईंनी रिकामा तळवा पुन्हा हुंगला. मग म्हणाल्या, “लग्नातला शालू ठिवलेली पेटी उघडल्यावानी लागतंय.”

सगळ्यांना देऊन झाल्यावर, नेमाप्रमाणे शेवटी, कासाबाईंनी तिन्हींची एकेक पळी घेतली. मांडीपासून घोट्यापर्यंत ऊब उतरली. अर्क खरंच गुणाचा होता. त्या दिवशी भजन एक पट्टी वर लागलं आणि बायनाबाई टाळ वाजवता वाजवता उठून नाचल्या.

दुपारी बन्सीधरांचा चुलतभाऊ भागवत सोड्याच्या बाटल्या आणि फुटाण्याचा पुडा घेऊन उंबऱ्यात उभा राहिला.

“वैनी, दादा कुठंत? स्कॉटलंडची दारू उघडली का न्हाई आजून?”

“कसली दारू?”

भागवतची नजर कासाबाईंच्या खांद्यावरून देवघरात गेली. अर्ध्यावर आलेल्या तीन बाटल्या, शेजारी पळी.

“वैनी,” तो आदरानं म्हणाला, “तुमी कव्हापासून?”

कासाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. बन्सीधर आले, योगीराज आला, दोघांनी माना खाली घातल्या. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

“देवाला दावली रे मी,” एवढंच म्हणाल्या. “साऱ्या बायांचा उपास दारूवर सोडविला.”

मग डोक्यावर पदर घेऊन त्या पंचफुलाबाईंकडे निघाल्या. मारुतीच्या देवळावरून सरळ वाट होती, पण त्या गोठ्यांमागून गेल्या. कुत्रंसुद्धा आपल्याकडे बघतंय असं त्यांना वाटत होतं.

पंचफुलाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. कासाबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. “तुळस दुसरीला द्या अक्का. माझं डोस्कं त्या लायकीचं न्हाई.”

पंचफुलाबाईंनी दोन शेंगा फोडल्या. “बस आधी. मला पहिल्याच पळीला कळलं व्हतं.”

“आँ?”

“आमच्या मालकाच्या तोंडाला जिंदगीभर तेच व्हतं की. तेंचं देशी, ह्ये जरा खानदानी. बायनाबाईलाबी कळलं, तिनं मला कोपर हाणलं.”

“आन तरी पेल्या?”

“तुळस पडली व्हती त्यात. मंग मी कोण न्हाई म्हणणार? आन तुजं तोंड बघितलंस का तव्हा? लेकानं आणलं म्हणून कसं फुललं व्हतं. त्येच्यावर पाणी कोण वतंल?”

कासाबाईंना धरणीत जावंसं वाटलं. सगळ्यांना कळत होतं, आणि सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं.

“तुळस तूच घ्यायची,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “जिला त्यो वास वळखूच आला न्हाई, तिच्याच डोक्यावर शोभती ती.”

कासाबाईंनी मान हलवली. एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती ओठावर येऊन परत गेली.

घरी तिघं पुरुष गुन्हेगारांसारखे ओसरीवर बसले होते. मधे तीन बाटल्या.

“फेकून येऊ का?” बन्सीधरांनी विचारलं.

“परसाद फेकीत न्हाईत. संपवा, आन पुन्हा उंबऱ्याच्या आत आणू नका,” असं म्हणून त्या देवघरात गेल्या. त्यांनी दिवा लावला, माळ हातात घेतली.

बाहेर हळूहळू तिघांना कंठ फुटू लागला.

“आठरा ते आठरा,” भागवत म्हणाला. “इतकी सालं काय फुकट मुरलंय?”

“खुळा हायेस,” बन्सीधर म्हणाले. “बाराला दम हाय. पेल्यावर कळतंय तरी, पेलाव म्हणून.”

“दादा, पुन्हा एकदा चव लावून बघा ना,” योगीराज म्हणाला.

“मी सांगतो, बारा!”

“आठरा!”

“पंधराचं,” आतून मऊ आवाज आला. “थेंबभर पाणी घालून.”

ओसरीवरच्या तिन्ही माना देवघराकडे वळल्या. देवघरात जपाची माळ मधेच थांबली होती. समोर देवाशिवाय कुणी नव्हतं, तरी कासाबाईंनी पदर डोळ्यांच्या खाली ओढून घेतला.