साळूबाईच्या काट्यांवरची पाच उंबरं

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदरीण राहत होती. तिचं नाव साळूबाई. नवऱ्याचं नाव साळोजी. दोघांच्या पाठीवर मिळून सहा हजार काटे. तरी संसार सुखाचा. कारण साळूबाई अंग चोरून राहायची आणि साळोजी अंग पसरून.

त्या जंगलात एक जुनं उंबराचं झाड होतं. झाडाला ढोली होती. ढोलीत ढोलीआई राहायची. ती कुणाला दिसायची नाही, पण असायची. देवाचं तसंच असतं.

पावसाळा सरत आला, की जंगलातल्या सगळ्या बायका ढोलीआईचं व्रत करायच्या. नवऱ्याला उदंड आयुष्य मिळावं म्हणून. चार शुक्रवार नुसता उपास. पाचव्या शुक्रवारी उंबराखाली बसायचं, पाच उंबरं जवळ ठेवायची आणि कहाणी ऐकायची. कहाणी शेवटपर्यंत ऐकली तरच व्रत पुरं. मध्येच उठलं, की पुढच्या वर्षी पहिल्यापासून.

कहाणी सांगायच्या कूर्माकाकू. म्हणजे कासवीण. सकाळी सुरू करायच्या. "आटपाट" म्हणून झालं, की "जंगल" म्हणेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं.

कहाणी साधीच होती. एक खारूबाई होती. ती खूप राबायची. एक दिवस ती थकून ढोलीआईच्या दारात आली. ढोलीआईने विचारलं, "बाई गं, तुला काय हवं?"

बरोबर इथे, बाळांनो, दर वर्षी हाका सुरू व्हायच्या.

"अगं, माझा एक काटा पडलाय, कुठेय बघ!" हा साळोजी.

"अहो राणीसरकार, आयाळीत गुंता झालाय!" हे वनराज सिंहमहाराज.

"अगं ए, माझी सोंड कुठे ठेवलीस?" हा हत्ती. तोंडावरच असायची. पण शोधायला हत्तीणच लागायची.

मग एकेक बाई उठायची. उंबरं घरंगळायची. व्रत मोडायचं. साळूबाईचं असं अकरा वर्षं मोडलं होतं. खारूबाईने काय मागितलं, हे तिला कळलंच नव्हतं. जंगलात कुठल्याच बाईला कळलं नव्हतं. शेजारणीला विचारावं, तर तीही उठून गेलेली. कूर्माकाकूंना विचारावं, तर त्या म्हणायच्या, "कहाणी ढोलीपाशीच सांगायची असते, साळू. पाणवठ्यावर सांगितली तर ती गप्पा होते."

आणि सगळ्या उठून गेल्या, तरी कूर्माकाकू थांबायच्या नाहीत. रिकाम्या पाटांना शेवट सांगायच्या, हात जोडायच्या आणि मग घरी जायच्या.

साळूबाईला राज्य नको होतं, दागिने नको होते. काट्यांवर दागिने घालणार तरी कुठे? तिला फक्त तो शेवट ऐकायचा होता. भाकरी थापताना ती मनात म्हणायची, खारूबाईने मोत्यांचा हार मागितला असेल का? का माहेर मागितलं असेल? का एक मोठं पातेलं? तिचं स्वतःचं पातेलं गळत होतं.

बारावं वर्ष आलं. आणि त्या वर्षी जंगलात समानता आली.

ती अशी आली. एक कावळा दूरच्या जंगलातून परतला आणि दरबारात म्हणाला, "महाराज, सगळीकडे समानता आलीय."

"आपल्याकडे?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"आपल्याकडे नाही आली."

"मग मागवा! इतर जंगलांत आहे आणि आपल्याकडे नाही म्हणजे काय?"

दिवाण होता कोल्हा. त्याने तातडीने सभा भरवली. सभेला सगळे नर आले. बायका आल्या नाहीत, कारण सभेला चहा लागतो.

कोल्हा म्हणाला, "महाराज, आजवर फक्त बायका नवऱ्यांसाठी उपास करत आल्या. ही विषमता आहे. यंदा ढोलीआईचं व्रत नवरे करतील. बायकोच्या उदंड आयुष्यासाठी!"

टाळ्या पडल्या. हत्तीने तर इतक्या जोरात वाजवल्या, की चार चहाच्या किटल्या उलटल्या. त्या हत्तीणवहिनींनी पुसून घेतल्या.

"मग आम्ही काय करायचं?" दारामागून साळूबाईने विचारलं.

"तुम्हाला सुट्टी!" कोल्हा म्हणाला. "पूर्ण सुट्टी. तुम्ही फक्त फराळाचं बघायचं."

"पण आमचं व्रत?"

"साळूवहिनी, एका घरात दोघांनी उपास धरला, तर उपासाचं करणार कोण?"

मग सभा संपली.

बाळांनो, बायका उपास करायच्या तेव्हा चुलीला सुट्टी असायची. रताळं उकडलं, खाल्लं, झालं. नवरे उपास करू लागले आणि चूल विझेचना. रताळ्याचा कीस, वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, साबुदाण्याचे वडे. आता साबुदाणा जंगलात कुठून आला, हे मला विचारू नका. जिथे सिंह उपास करतो, तिथे साबुदाणा यायला कितीसा वेळ!

सिंहमहाराजांचा मात्र प्रश्न निघाला. "दिवाणजी, उपासाला हरीण चालतं का?"

कोल्ह्याने पोथी चाळली. "हरीण काय खातं, महाराज? पाला. म्हणजे मुळात ती पालेभाजीच झाली."

"पालेभाजी उपासाला चालत नाही," स्वयंपाकघरातून राणीसरकार म्हणाल्या. त्या वडे तळत होत्या आणि त्यांच्या शेजारी हरिणी बटाटे सोलत बसली होती. महाराजांनी निमूटपणे सतरावा वडा उचलला.

असे चार शुक्रवार गेले. नवऱ्यांची वजनं वाढली. संध्याकाळी ते एकमेकांना सांगायचे, "उपास म्हणजे सोपं नाही हो. बायका कशा करत असतील कोण जाणे!"

साळूबाईनेही चारही शुक्रवार गुपचूप उपास धरला होता. कुणाला कळलं नाही. ती जेवली का, हे अकरा वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. मग बाराव्या वर्षी कोण बघतंय!

पाचवा शुक्रवार उजाडला. उंबराखाली पाट मांडले. पुढच्या पाटावर सिंहमहाराज, मग हत्ती, मग साळोजी आणि बाकीचे. झाडामागे चुली मांडल्या. तिथे बायका. साळूबाईच्या वाटेला उद्यापनाचा शिरा आला होता. पातेलं राजवाड्यातलं होतं, न गळणारं.

पाच उंबरं जवळ हवीत. पण एका हातात डाव, दुसऱ्या हातात सांडशी. मग साळूबाईने काय केलं? पाच उंबरं पाठीवरच्या पाच काट्यांना टोचून घेतली. देवाने काटे दिलेत, ते काय फक्त रुसायला?

कूर्माकाकू उंबराच्या बुंध्याशी बसल्या. चष्मा लावला. म्हणाल्या, "नियम ऐका. मुठीत पाच उंबरं. कहाणी संपेपर्यंत उठायचं नाही. बोलायचं नाही. हाक तर मुळीच मारायची नाही. मोडलं, तर पुढच्या वर्षी पाचही शुक्रवार निर्जळी उपास."

"निर्जळी म्हणजे?" महाराजांनी विचारलं.

"पाणीसुद्धा नाही."

"आणि शिरा?"

"शिरासुद्धा नाही."

"पण बायकांना तर हा निर्जळीचा नियम नव्हता!" कोल्हा ओरडला.

"नव्हता खरा," कूर्माकाकू शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी कधी सतरा वडेही मागितले नव्हते."

सगळ्या नवऱ्यांनी तोंडं घट्ट मिटली.

कहाणी सुरू झाली. खारूबाई उठली. खारूबाईने पाणी भरलं. खारूबाईने दाणे टिपले, दळले, रांधले. ऊन चढलं. सिंहमहाराजांच्या नाकावर माशी बसली. त्यांनी नाक हलवलं, मिशा हलवल्या, शेवटी डोळे तिरळे करून ते माशीकडे नुसते बघत राहिले. हत्तीला वाटलं आपली सोंड हरवली. त्याने घाबरून इकडे तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. तर सोंड तिथेच होती! बारा वर्षांत पहिल्यांदा त्याची त्यालाच सापडली.

झाडामागे साळूबाई शिरा ढवळत होती. तिचा हात पातेल्यात होता आणि कान कहाणीत.

"मग थकलेली खारूबाई ढोलीआईच्या दारात आली," कूर्माकाकू म्हणाल्या. "ढोलीआईने विचारलं, बाई गं, तुला काय हवं?"

टप्!

साळोजीचा एक काटा पडला.

त्याने मान वळवून चुलीकडे पाहिलं. तोंड उघडलं. 'अगं' अगदी ओठांवर आलं. साळूबाईने सवयीने डाव खाली ठेवला आणि ती उठायला लागली.

कूर्माकाकूंनी चष्म्यावरून साळोजीकडे पाहिलं. साळोजीला डोळ्यांपुढे पाच निर्जळी शुक्रवार दिसले. त्याने 'अगं' गिळलं. गिळताना त्याचे डोळे पांढरे झाले. पण गिळलं!

जंगलात कुठूनच हाक आली नाही. हाका मारणारे सगळे पाटावर होते.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. शिरा खाली लागत होता. महाराजांच्या उद्यापनाचा शिरा, राजवाड्याच्या पातेल्यात! आत्ता ढवळला तर वाचेल. पण डाव पातेल्यावर खडखडला, तर कूर्माकाकूंचा बारीक आवाज ऐकू येणार नाही.

साळूबाईने पातेल्याकडे पाहिलं. ढोलीकडे पाहिलं. डावाला हात लावला नाही. सांडशीही ठेवली. आणि ती चालत चालत झाडाच्या पुढे आली आणि खाली बसली. तिच्यामागे हत्तीणवहिनी आल्या. हरिणी आली. पिठाच्या हातांनी राणीसरकार आल्या.

कूर्माकाकूंनी सगळ्यांना बसू दिलं. मग सांगितलं.

"खारूबाई म्हणाली, आई, मला काही नको. मला फक्त घटकाभर बसू दे. ढोलीआई ढोलीत जरा सरकली. म्हणाली, बस."

आणि कूर्माकाकूंनी हात जोडले.

"एवढंच?" महाराज म्हणाले. "राज्य नाही मागितलं?"

"नाही, महाराज."

"एवढ्यासाठी आम्ही पाच शुक्रवार उपाशी?"

हत्तीणवहिनींच्या डोळ्यांतून दोन थेंब पडले. त्यात एक बेडूक पोहून गेला.

कोल्हा मात्र उठला. "हरकत आहे! साळूवहिनींचं व्रत धरता येणार नाही. उंबरं मुठीत नव्हती!"

कूर्माकाकूंनी साळूबाईच्या पाठीवरची उंबरं मोजली. पाच. "मुठीचा नियम नवऱ्यांना होता. जवळ हवीत असं कहाणी म्हणते," त्या म्हणाल्या. "पाठीपेक्षा जवळ काय असतं, दिवाणजी? तुमची मूठ उघडा बघू."

कोल्ह्याने मूठ उघडली. मुठीत पाच देठ होते.

"भूक लागली होती," तो पुटपुटला.

मग समानतेचा सत्कार झाला. सगळ्या नवऱ्यांना 'समानताभूषण' पदवी मिळाली. हार बायकांनीच ओवले. करपलेला शिरा वाटला. महाराजांनी तीनदा मागून घेतला आणि म्हणाले, "आज काही वेगळाच खमंग झालाय. रोज असाच करत जा."

घरी आल्यावर साळूबाई उंबऱ्यावर बसली. साळोजीने सवयीने तोंड उघडलं. "अगं, पाणी..." मग तो थांबला. मुठीत पाहिलं. उंबरं अजून तिथेच होती. सोडायचं कुणी सांगितलंच नव्हतं.

"पाणी कुठे असतं गं आपल्याकडे?"

"माठात."

"आणि माठ?"

"अहो, तुम्ही त्याला टेकून उभे आहात."

साळोजी वळला. माठ पाहिला. नमस्कार करावा तसा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तांब्या भरला. अर्धा सांडला, उरलेला साळूबाईपुढे ठेवला. ती सांडलेलं पुसायला उठू लागली.

"बस गं," साळोजी म्हणाला. "ढोलीआई सरकते, मी नाही का सरकणार?" आणि सहा हजार काट्यांतून वाट काढत तो जरा सरकून बसला.

तर बाळांनो, त्या दिवसापासून जंगलात दर वर्षी नवरेच ढोलीआईचं व्रत करतात. बायकांचं आयुष्य त्याने वाढलं का, ते मला माहीत नाही. पण साळूबाई अजून आहे आणि कहाणीच्या वेळी सगळ्यांत पुढे बसते. ढोलीआई तिला जशी पावली, तशी तुमच्या आयांना पावो. माझी कासवाच्या पावलांची कहाणी इथे ढोलीत शिरली.

तात्पर्य : समानतेवर नवऱ्यांना भाषणं करू देऊ नयेत, त्यांना उपास धरायला लावावा. त्याने समानता येतेच असं नाही. पण कहाणी संपेपर्यंत ते हाक मारत नाहीत. तेवढ्यात बसून घ्यावं.