दिब्रुगड ते नांदेड, सरळ रेषेत

आमच्या केंद्रेमामांना किती वाजले विचारा, ते आधी दिब्रुगडहून आत्ता निघालेलं विमान नांदेडला किती वाजता टेकेल ते सांगतील. असं थेट विमानच नाही, ही बाब त्यांच्या दृष्टीनं किरकोळ आहे.

मामा माझ्याबरोबर चाकणच्या कंपनीत, क्वालिटीला. चिखलीत माझ्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. विमानात कधी बसलेले नाहीत. कंपनीच्या बसमध्येसुद्धा पुढची सीट लागते, नाहीतर मळमळतं. पण कॅन्टीनमधल्या भारताच्या नकाशावर दोरा ताणून तो व्हर्नियरनं मोजताना मी त्यांना पाहिलंय. ज्या व्हर्नियरनं आम्ही गाडीच्या पिना तपासतो, त्यानं या माणसानं आख्खा झारखंड मोजला.

"दोन हजार किलोमीटर. ताशी आठशे धर. चढायला पाव तास, उतरायला पाव तास. झाले तीन तास. प्लस-मायनस दहा मिनिटं, वारं कसं हाय त्याच्यावर."

नव्या इंजिनीअर मॅडम एकदा सहज म्हणाल्या, "काका, नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे." मामांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी निगडीहून शाळकरी मुलांचा पृथ्वीचा गोल आणला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन त्याला दोरा गुंडाळत बसले. फरक इतका मामुली निघाला, की त्यांनी मॅडमच्या टेबलावर 'रिजेक्ट'चं लाल लेबल चिकटवलं.

दिब्रुगडला त्यांची एकुलती एक लेक, सुमन. आमच्याच लाइनवर कामाला आलेल्या आसामी पोराशी तिचं जमलं, मामांनी खुशीनं लग्न लावून दिलं आणि ती तिकडं गेली. मला वाटायचं, म्हातारा लेकीकडं जायचं मनात घोळवतोय. गेल्या सुट्टीला त्यांच्याकडं चहा घेताना मी म्हटलं, "मामा, किती दिवस दोरे ताणणार? पुण्याहून तिकीट काढून देतो. जाऊन या की."

"मला कुठं जायचंय? मी तिचं यायचं मोजायलोय."

मग ते सांगू लागले. मामी नांदेडजवळच्या गावी वारल्या, तेव्हा सुमन निरोप मिळताच निघाली होती. कोलकाता, हैदराबाद, मग पुढं गाडी, असं करत पोचायला दुसरा दिवस उजाडला. दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून भावकी थांबली नाही. पोरीला आईचं तोंड दिसलं नाही.

"सरळ उडालं असतं तर तीन तासांत आली असती रे."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती. मला स्वतःची लाज वाटली.

"मलाबी गावीच नेतील. तवा तू येशील का?" मामांनी विचारलं. "ती येईस्तोर मला ठेवायचं. भावकी ऐकायची न्हाई, भांडावं लागंल."

"भांडीन," मी म्हणालो. "बर्फाच्या लाद्या आणून ठेवीन. तुम्ही फक्त घाई करू नका."

मामांनी मान हलवली, कप उचलून मोरीत ठेवला आणि तिथूनच वळून म्हणाले, "पुरा एक दिवस धर. अन् वर दोन तास जादा. बारकी होती तवापासून, घरातून निघायला लई टाइम लावती ती."