बिबट्याला वेस आवडते!

मंडळी, १९९३ साली बिबट्या उद्या कुठं दिसणार हे अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच माणूस सांगू शकत होता. मी!

बोईसरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायचो आणि सहा वर्षं पीएच.डी.शी झटत होतो. पद्धत सोपी. बिबट्या दिसला त्या जागा एकीकडे, दिसू शकला असता पण दिसला नाही त्या दुसरीकडे. पाणी किती लांब, झाडी किती दाट, घरं किती जवळ, सगळं समीकरणात घालायचं. बिबट्याची आवडनिवड बाहेर! पाड्यापाड्यांवर फिरून बिबट्या दिसल्याची कार्डं भरून आणायचा आमच्या कॉलेजचा शिपाई जिवल्या. कार्डं झाली त्रेसष्ट, आणि उत्तर बघून मी खुर्चीतून उडालोच! बिबट्याला पाणी नको, झाडी नको. त्याला हवी गावाची वेस!

"नवा सिद्धांत!" मी बायकोला ओरडून सांगितलं.

"आधी गॅस बंद करा, दूध उतू गेलं," चंद्रकांता म्हणाली.

माझे मार्गदर्शक चुरी सर मोठे हट्टी. "प्रत्यक्ष दाखवा, मगच प्रबंधावर सही!" दाखवतोच! दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बेटेगावापलीकडच्या एका पाड्याच्या वेशीवर, समीकरणातून निघालेल्या सगळ्यात पक्क्या जागी, आम्ही दोघं करवंदीच्या जाळीत दबा धरून बसलो. समोर शेंदूर फासलेला दगड. पाचोळा वाजला! सरांनी माझं मनगट असं आवळलं की घड्याळ रुतलं.

आली ती पाड्यावरची नवसी नावाची म्हातारी! हातात नारळ, काखेत कोंबडी. मागून जिवल्या, आमचं कार्ड घेऊन.

मी ओरडतच बाहेर पडलो. म्हातारी किंचाळली, कोंबडी सुटली, सर काट्यांत अडकले.

"आजी, बिबट्या, म्हणजे तुमचा वाघ, दिसला कुठं?"

"ते नाय सांगायचं! जागा सांगितली का तो परत तिथंच येतो. वाघ दिसला का आमी या दगडापाशी वाघोबाला नारळ देतो न् गप बसतो."

"मग जिवल्या, कार्डावर जागा कुठली लिहितोस?"

"ही वाघोबाचीच, मास्तर. रकाना रिकामा नाय सोडायचा, तुमीच बोललेले!"

त्रेसष्ट कार्डं, त्रेसष्ट नारळ! सर शर्टातले काटे काढत म्हणाले, "समीकरण बिनचूक आहे हो. फक्त ते नारळवाल्या माणसांचं आहे."

मला रडूच कोसळलं. सर जरा विरघळले. "एक तरी खरी नोंद आणा. खरी जागा, खरी वेळ. मग प्रबंधाची मुदत वाढवून देतो."

आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी माझ्याच घराच्या मोरीमागच्या भिंतीवर बिबट्या! पाच हातांवर! मिशा मोजता आल्या असत्या! त्यानं मला पाहिलं, जांभई दिली आणि पलीकडे उडी मारली. खरी नोंद, घरपोच! मी कार्ड काढलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि जागेच्या रकान्यापाशी आलो, तोच नवसीचं बोलणं आठवलं. दाराआडून चंद्रकांता डोळे वटारून बघत होती.

खोटं कशाला सांगू, मंडळी! मी वाघोबाचा दगड लिहिला आणि नारळ आणायला निघालो.