रत्नाताई आणि दुसऱ्यांच्या दोऱ्या

आमच्या ह्यांचा भोकं पडलेला बनियन पुण्यात चांगला आठवडाभर भिंतीवर टांगला होता. फ्रेममध्ये, काचेमागं, वर दिव्याचा झोत. लोक हात मागं बांधून त्याच्यासमोर उभे राहायचे म्हणे. ह्यांच्याकडं आयुष्यात कुणी एवढ्या आदरानं बघितलं नाही. मी पण नाही.

ही सगळी करणी आमच्या वरच्या मजल्यावरच्या रत्नाताईंची. बाई मूळच्या कर्नाटकाच्या हद्दीवरच्या दुधनीच्या. सोलापुरात सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिथंच रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. आईला सांभाळायचं होतं. आई गेली आणि वर्षभरात नोकरीही संपली. रिटायर झालेल्या बायका आमच्या जुळे सोलापूर भागात भजनी मंडळात जातात, नाहीतर गुडघे धरून बसतात. रत्नाताईंनी कॅमेरा घेतला. एवढा मोठा, की गळ्यात अडकवला तर बाई पुढं वाकायच्या.

मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "वहिनी, मी फाईन आर्ट फोटोग्राफर व्हायचं ठरवलंय."

मी म्हटलं, "बरं झालं की! आमच्या नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण आहे रविवारी. या, फोटो काढा."

"ब्याड!" ब्याड म्हणजे नको. बाई चिडल्या की त्यांच्या तोंडून कानडी येतं. "मी माणसांचे फोटो काढत नाही."

"मग कशाचे काढता ओ?"

"दोऱ्यांचे."

मला वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलं. पण खरंच दोऱ्यांचे काढायच्या. गच्चीवर प्रत्येक घराची कपडे वाळत घालायची एक दोरी आहे, त्या दोऱ्यांचे. आता, आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगमध्ये धुणं निघतं. साड्या, पडदे, चादरी, पोरांचे गणवेश, सगळं एकदम. आणि सोलापूरचं ऊन असलं, की शेवटचा कपडा अडकवेपर्यंत पहिला वाळून खडखडीत. त्या मधल्या तेवढ्या वेळात रत्नाताई गच्चीवर. साडी खोचलेली, पायात पुरुषी बूट, डोक्यावर ओला टॉवेल. पाणी येणार म्हटलं, की आम्ही पिंपं घासायचो आणि रत्नाताई लेन्स पुसायच्या.

"तुमच्या कलेचा मुहूर्त नळावर हाय बघा," हे एकदा म्हणाले. बाई हसल्या नाहीत. कलेच्या बाबतीत त्यांना चेष्टा चालत नाही.

बोलणं तर विचारूच नका. फोटोला फोटो म्हणायचं नाही, 'काम' म्हणायचं. दहा-बारा कामं झाली की 'सिरीज'. एका फोटोच्या पाचच प्रती काढायच्या, सहावी काढायची नाही. मी म्हटलं, "कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाहिजे तेवढ्या काढून देईल की." तर माझ्याकडं असं बघितलं, की मी आपली गुपचूप पोहे ढवळायला लागले.

गावोगावच्या प्रदर्शनांना त्या फोटो पाठवायच्या. तिकडून नकार यायचे. आला की मला वाचून दाखवायच्या, तेही मोठ्यानं, स्पष्ट उच्चार करून, जणू बढतीची ऑर्डर आलीय. प्रत्येक वेळी 'आपल्या कामाविषयी लिहा' असं प्रदर्शनवाले सांगायचे. ते लिहिताना मात्र बाई रडकुंडीला यायच्या. "जन्मभर साहेब सांगायचे आणि मी टाइप करायची, वहिनी. आता माझं म्हणणं काय ते मलाच सांगायचंय. सुचतच नाही ओ."

दोरी वाचायला मात्र त्यांच्यासारखं कुणाला येणार नाही. चहाला यायच्या आणि बशीत चहा ओतता ओतता सांगायच्या, "समोरच्या विंगेत सासू राहायला आलीय. नऊवारी दिसली." किंवा, "खालच्यांचं भांडण मिटलं. दोघांचे कपडे परत एका दोरीवर आले." मी म्हणायची, ही बाई पोलिसात पाहिजे होती. आमचा समीर पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा मी कुणाला बोलले नव्हते. म्हटलं, बोललं की रडू येतंय. पाण्याच्या दिवशी गच्चीवर रत्नाताई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "समीर गेला व्हय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याच्या जीन्सनं तुमची दोरी मध्ये खाली यायची. आज वर आहे."

मला राग आला. दुसऱ्याच्या घरात काय कमी झालंय ते असं भर उन्हात सांगतात का? पण संध्याकाळी त्या शेंगाचटणीचा डबा घेऊन आल्या आणि तासभर बसून राहिल्या. मला बरं वाटलं, हे खरं.

ह्यांच्या बनियनचा फोटो पुण्याच्या प्रदर्शनात निवडला गेल्याची बातमी आली आणि बिल्डिंगमध्ये जो गोंधळ उडाला म्हणता! आधी मीटिंग झाली. आमच्या चड्ड्या-बनियन जगाला दाखवायचा या बाईंना काय अधिकार? सेक्रेटरी तावातावानं बोलले. रत्नाताईंनी शांतपणे सगळ्यांच्या पुढं फोटो ठेवले आणि सांगितलं, ज्याला नको असेल त्यानं आपापला उचलून न्यावा. सगळे आपापली दोरी शोधायला लागले. पाच मिनिटांत सूरच बदलला. "माझी दोरी का घेतली नाही ओ?" असं सेक्रेटरीच विचारायला लागले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी गच्चीवर गेले आणि बघतच राहिले. एका दोरीवर पैठणी. दुसरीवर लग्नातला शालू. तिसरीवर नवी कोरी चादर, लेबलासकट. सेक्रेटरींचा कोट. धुतलेलं काहीच नाही, नुसतं कपाटातलं बाहेर काढून टांगलेलं. आता लपवून काय उपयोग, मी पण ह्यांचा नवा बनियन लावला होता, घडीच्या रेघा तशाच.

रत्नाताई जिन्यातून वर आल्या. बघितलं. टॉवेल डोक्यावरून काढला.

"ब्याड! ब्याड! ब्याड! सगळ्या दोऱ्या खोटं बोलायल्यात! जावा, आपापली खरी धुणी घेऊन या!"

आणि आम्ही गेलो की! सेक्रेटरी कोट हातावर टाकून, खाली मान घालून सगळ्यांत पुढं.

मग पुण्याहून त्या प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला. रत्नाताई माझ्याच स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी स्पीकर लावला. बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, एक अख्खी भिंत तुम्हाला देते. तुमचं नाव दारावर. पण सिरीज अपुरी वाटते. इतक्या लोकांच्या दोऱ्या दिसतात, बघणाऱ्या बाईची दोरी कुठंय? ती एक पाठवा. महिनाअखेरपर्यंत. ती नसेल तर मग पुढच्या वर्षी बघू.

रत्नाताईंनी फोन बंद केला. मी म्हटलं, "अगं बाई, मग पेढे द्या! एक फोटो तर पाहिजे. उद्या पाणी आहेच."

त्या उठल्या आणि वर निघून गेल्या.

उद्याचं पाणी आलं, गेलं. पुढचंही आलं, गेलं. फोटो काही निघेना. ज्या गोष्टीसाठी बाईनं इतके नकार पचवले, ती दारात येऊन उभी, आणि ही दार उघडेना. मला चैन पडेना. शेवटी वर गेले. दार उघडंच होतं. आत खुर्चीच्या पाठीवर एक साडी वाळत होती, खिडकीच्या गजाला परकर, दाराच्या कडीला ब्लाऊज.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गच्चीवर रत्नाताईंची दोरी होती, पण तिच्यावर त्यांचा कपडा मी कधी बघितलाच नव्हता. ती मोकळी असते म्हणून आम्हीच सगळे तिच्यावर सतरंज्या टाकायचो.

"तुम्ही वर का वाळत घालत नाही ओ?" मी विचारलं.

"एवढ्याशा धुण्याला काय वर जायचं?" त्या म्हणाल्या. मग खुर्चीवरची साडी सारखी करत राहिल्या. "लोकांना वाचता येतं, वहिनी. मला येतं, तसं लोकांनापण येत असणार."

मी म्हटलं, "त्यात काय! आमचे चार कपडे लावू. समीरचे जुने शर्ट आहेत, ह्यांची पँट आहे. भरलेली दिसेल दोरी."

मला वाटलं आता ब्याड येणार. पण हळूच म्हणाल्या, "नको. ती तुमची होईल."

महिन्यातलं शेवटचं पाणी आलं, त्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली. रत्नाताई बादली घेऊन उभ्या. कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "मला जमत नाही. तुम्ही काढा. सगळं लावून ठेवलंय, नुसतं हे बटण दाबा."

आम्ही वर गेलो. त्यांच्या दोरीवरची कुणाची तरी सतरंजी मी ओढून काढली आणि जिन्यात फेकली. आजूबाजूच्या सगळ्या दोऱ्या जड झालेल्या, पाणी निथळत होतं. रत्नाताईंनी साडी लावली. परकर लावला. ब्लाऊज, टॉवेल. झालं. दोरी अर्धीसुद्धा भरली नव्हती. त्यांनी परत वाकून बादलीत हात घातला. बादली रिकामी होती, मला वरून दिसत होतं. पण त्यांचा हात आत फिरत राहिला, तळाशी, कडेला, अजून कुणाचं काही राहिलंय का बघत. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो फोटो उमटला. त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला, पदराची सावली केली आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. बाजूच्या दोरीवर माझा पहिला कपडा वाळलासुद्धा.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "इतकं दिसतं व्हय बाहेरून?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण या बाईला काय फसवणार?

"दिसतं," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं.

त्या रडल्या नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, ओलाच हात. मग म्हणाल्या, "असू दे. हाच पाठवते."