गच्चीवरची खाण

परळच्या प्रादेशिक कोळसा उत्पादन कार्यालयापुढे गंभीर प्रश्न उभा राहिला होता. कोळशाचे उत्पादन घटत होते. द्वैभाषिक राज्य झाल्यापासून चांद्याकडच्या खाणीही या कार्यालयाच्या प्रदेशात आल्या होत्या. कार्यालयात खाण पाहिलेले कोणीच नसल्यामुळे घटीवर मोकळ्या मनाने विचार करता आला. विचाराअंती असे आढळले की खाणी दूर आहेत आणि वरिष्ठ जवळ आहेत. सबब घट जवळच कुठेतरी भरून काढावी.

ही कामगिरी अधीक्षक रमाकांत टिपणीस यांच्याकडे आली. टिपणीस ठाकूरद्वारचे. पत्नी नलू बाळंतपणासाठी माहेरी गेल्यामुळे ते दुपारी लालबागला कमळाबाईंच्या खानावळीत जेवत. कमळाबाई विधवा होत्या. चाळीच्या तळमजल्यावर त्या गिरणीतल्या माणसांना जेवू घालत आणि त्यावरच त्यांचे घर चाले.

एके दिवशी जेवण झाल्यावर टिपणीस वाऱ्यासाठी गच्चीवर गेले. तिथे कमळाबाई काळे गोळे उन्हात मांडत होत्या.

"हे काय?"

"शेगडीचे गोळे, सायबानू. वखारीतली कोळशाची भुकटी, शेण नि चिकणमाती. पावसाआधी सुकूक होये, नायतर चार महिने माझी शेगडी पेटूची नाय."

"म्हणजे इथे कोळसा तयार होतो."

"दरवर्षी," कमळाबाई म्हणाल्या. बिचाऱ्या खरे बोलून गेल्या.

संध्याकाळपर्यंत गच्चीची खाण म्हणून नोंद झाली आणि घट थांबली.

चाळीत आनंदीआनंद झाला. मुंबई कोणाची, हा एकच प्रश्न तेव्हा लालबागला झोपू देत नव्हता. गिरणीतला रात्रपाळीचा साचेवाला भिवा कमळाबाईंकडेच जेवायचा. त्याने चाळीच्या चौकात सभा घेतली आणि सांगितले, "दिल्लीवाले म्हनत्यात, मुंबईत तुमचं काय हाय? आता सांगा त्यास्नी, आमची खाण हाय." टाळ्या पडल्या. टिपणीसांना हार घातला. कमळाबाईंनाही घातला, तो गळ्यात ठेवूनच त्यांनी त्या दिवशी बांगडे तळले.

खाण म्हटली की कायदा आला. टिपणीसांनी तो रात्रभर बसून वाचला, कारण माणूस प्रामाणिक होता. खाणीत जमिनीखाली स्त्रियांना काम करण्यास मनाई होती. आता खाण गच्चीवर, म्हणजे जमीन गच्चीपाशी. गच्चीखालचे तीन मजले अर्थातच भूगर्भात गेले. तळमजला सर्वांत खोल, म्हणून सर्वांत धोक्याचा. कमळाबाईंना स्वतःच्याच स्वयंपाकघरात बंदी झाली. गच्चीवर त्यांना मुभा होती, पण दिवे लागेपर्यंतच, त्यामुळे रात्रपाळीचे जेवण वरही शिजेना.

"मग जेवाण कोणी रांधूचा?" कमळाबाईंनी विचारले.

"पुरुषांनी. कायदा तुमच्याच हिताचा आहे, बाई."

"माझा हित माका पोसता काय?"

या शंकेचे निरसन करण्याची तरतूद कायद्यात नव्हती.

पुरुषांनी शेगडी पेटवली, डाळ करपवली आणि तो खाणीतला अपघात म्हणून कळवला. मग गोळेही वळायला घेतले. शेणात हात घालणे जिवावर आल्यामुळे त्यांनी शेण वगळले. गोळे उन्हात फुटले आणि उत्पादन पुन्हा घटले. कार्यालयात धावपळ उडाली. जे चांगले गोळे कमळाबाईंनी आधी करून ठेवले होते, ते तरी सुरक्षित राहावेत म्हणून सरकारी हातगाडीवर घालून परळला नेण्यात आले.

कमळाबाईंनी भिवाला गाठले. "अरे, माझी पावसाळ्याची बेगमी गेली. खानावळ बंद पडतली. तू तरी बोल."

"मावशे, मुंबईच्या इज्जतीचा सवाल हाय," भिवा म्हणाला. "थोडी कळ सोस." आणि तो उपाशीच पाळीवर गेला.

शेवटी त्या स्वतः परळला गेल्या. टिपणीसांच्या टेबलामागे भिंतीला लावून त्यांचे गोळे रचलेले होते.

"माझे गोळे माका परत देया, सायबानू."

टिपणीसांना मनापासून वाईट वाटले. या बाईने त्यांना कधी पातळ आमटी वाढली नव्हती. "बाई, परत दिले तर उत्पादन घटेल. घट थांबल्याचं मी वर कळवून बसलो आहे."

"पण जाळूचे नाय, तर तेंचा करतलात काय?"

"मोजणार," टिपणीस म्हणाले.

मृग लागला आणि खानावळीला कुलूप पडले. त्याच आठवड्यात प्रादेशिक कोळसा उत्पादनातील घट थांबल्याची बातमी छापून आली. ती तुम्ही वाचलीत. चहाचा कप खाली ठेवून, देशात काहीतरी चांगले घडते आहे, असे घरच्यांना सांगितलेत. मग हिंदमातेला कापड घ्यायला निघालात, वाटेत लालबागला भूक लागली. कुलपासमोर उभे राहून तुम्ही म्हणालात, आपल्या माणसांना धंदा म्हणून करता येत नाही.