न समजण्याची नोकरी

परदेशात जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं तर इंग्रजी यावं लागतं, असा एक भाबडा समज आपल्याकडे आहे. इंग्रजी थोडंफार आलं तरी तिथल्या शाळांची हरकत नसते. खरी अट अशी, की तिथली भाषा मुळीच येता कामा नये.

धाकटीला हे मुलाखतीत कळलं. घरातलं शेंडेफळ म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. पदवी पदरात पडून बरेच दिवस झाले होते आणि ‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नाच्या धास्तीने तिने नातेवाइकांकडे जाणंच सोडलं होतं. त्या परदेशी बालशाळेच्या प्राचार्यबाई लॅपटॉपच्या पडद्यावर दिसत होत्या.

“आमची भाषा येते का?” त्यांनी विचारलं.

“नाही. पण मी पटकन शिकेन,” धाकटी उत्साहाने म्हणाली.

प्राचार्यबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “म्हणजे, शिकायची सवय आहे तुम्हाला?”

धाकटी दूधखुळी नव्हती. “छे हो! मला आजवर काहीच शिकता आलेलं नाही. हवं तर माझ्या प्राध्यापकांना विचारा.”

नेमणूक तिथल्या तिथे झाली. दादाने ही बातमी अशी गावभर केली की जणू तो देशच धाकटीच्या नावावर झाला होता. ‘मुलीची आत्या परदेशात इंग्रजी शिकवते’ एवढ्या एका वाक्यावर त्याच्या लेकीला, चिमणीला, शहरातल्या सगळ्यात ऐटबाज शाळेत प्रवेश मिळाला. म्हणजे आता धाकटीला तिकडे टिकून राहणं भाग होतं. ती परत आली असती तर नुसती तीच नाही, अख्खं घर तोंडघशी पडलं असतं.

शाळेच्या पद्धतीचं नाव होतं ‘संपूर्ण अनाकलन’. तत्त्व साधं होतं. शिक्षकाला मुलाची भाषा कळली की मूल लाडावतं. कळलीच नाही, तर ते झक मारत इंग्रजी बोलतं. करारात स्वच्छ लिहिलं होतं: ‘सेवाकाळात स्थानिक भाषेचे आकलन झाल्यास ते गंभीर गैरवर्तन समजण्यात येईल. आकलन अनवधानाने झाले, हा बचाव ग्राह्य धरला जाणार नाही.’ गैरवर्तन सिद्ध झालं की नोकरी जायची, नोकरीबरोबर राहण्याचा परवाना जायचा, आणि मग बॅग भरायची.

शिक्षकांच्या खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा मोठा फोटो लावला होता. सगळे त्यांना आजोबा म्हणत. त्यांची उभी हयात या देशात गेली होती, बायको इथलीच होती, तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि तरीही आजोबांना इथला एक शब्द कळत नव्हता. ‘आदर्श अनाकलक’ हा किताब त्यांना मिळाला होता.

“मग घरी बोलता कसं?” धाकटीने एकदा विचारलं.

“भांडण म्हणून कधी झालंच नाही बघ,” आजोबा अभिमानाने म्हणाले.

सुरुवातीचे दिवस धाकटीला अगदी सोपे गेले. तिला खरोखरच काही कळत नव्हतं, त्यामुळे ती उत्तम शिक्षिका होती. दादाला फोनवर ती शाळेच्या पद्धतीचं तोंड भरून कौतुक करायची. “अरे, मूल कितीही रडू दे, आपण ढिम्म राहायचं. कळलंच नाही असं दाखवायचं. बरोबर वळणावर येतात!” दादा पलीकडे हूं हूं करत लक्षपूर्वक ऐकायचा.

पण कानाला काही झाकण नसतं. पोरं दिवसभर कानाशी किलबिलाट करणार, आणि माणूस ठोंब्या राहणार, हे किती दिवस चालणार? आधी तिला ‘पाणी’ कळलं. मग ‘नको’ कळलं. मग एक दिवस मागच्या बाकावरची पोरं तिच्या नाकाबद्दल काय म्हणतात तेही कळलं, आणि धाकटीच्या पायांखालची जमीन सरकली. नाकाचं तिला वाईट वाटलं नाही. आपण गुन्हेगार झालो, याने ती हादरली.

तिथून तिचे हाल सुरू झाले. कोपऱ्यावरच्या दुकानदारांना शाळेच्या सूचना होत्या. शिक्षकाने हवी ती वस्तू पहिल्या फटक्यात मागून घेतली तर ते संशयास्पद मानलं जाई. म्हणून धाकटी मुद्दाम चुकीच्या वस्तू आणायची. मिठाऐवजी धुण्याचा सोडा, शाम्पूऐवजी फरशी पुसायचं औषध. तिचे केस राठ झाले आणि शाळेतली प्रतिष्ठा वाढली.

वर्षअखेरीला शिक्षणखात्याचे अनाकलन-निरीक्षक आले. काळा सूट आणि भल्याथोरल्या मिश्या. परीक्षा घ्यायची त्यांची रीत अशी, की सगळ्या शिक्षकांना ओळीत उभं करायचं आणि स्थानिक भाषेत विनोद सांगायचे. हसला तो गेला.

त्यांनी सुरुवात केली. एका लठ्ठ न्यायाधीशाची खुर्ची भर कोर्टात मोडते. तो पडल्या पडल्या खुर्चीला जन्मठेप ठोठावतो. तेवढ्यात खुर्चीचा वकील उठतो आणि म्हणतो, महाराज, माझ्या अशिलाने आजवर जे सोसलंय, त्याचाही काही विचार व्हावा!

धाकटीच्या पोटात हसू नुसतं उकळत होतं. तिने तळहातात नखं रुतवली, बारावीचा निकाल आठवला, आणि चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. शेजारचा नवा तरुण मात्र फिस्सकन हसला. तो बिचारा हातापाया पडून सांगत होता, “साहेब, मला विनोद कळला नाही. मी तुमच्या मिश्यांना हसलो!” त्याचं अपील दुपारीच फेटाळण्यात आलं. निरीक्षकांच्या मिश्यांमध्ये हसण्यासारखं काही नाही, असं खात्याचं लेखी मत होतं.

परीक्षेचा पुढचा भाग वर्गात होता. निरीक्षक मागच्या बाकावर जाऊन बसले. धाकटीच्या वर्गात एक पोर होती, एका जागी न टिकणारी. धाकटीने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. भिंगरी खेळण्यांच्या कपाटाशी गेली, जड दार वाऱ्याने आपटलं, आणि तिचं बोट आत सापडलं.

ती किंचाळली. मग रडत रडत तिच्या भाषेत म्हणाली, “टीचर, बोट अडकलंय! दार उघडा!”

धाकटीला शब्द न् शब्द कळला. एवढंच कशाला, ते कळायला भाषाही लागत नव्हती. नुसते डोळे पुरत होते. पण मागे मिश्या होत्या. त्या मिश्यांच्या मागे परवाना, दादाने गावभर केलेली बातमी, चिमणीची शाळा.

धाकटीने मान किंचित कलती केली. गोड हसली. “पार्डन?” ती म्हणाली.

भिंगरी इंग्रजी शब्द शोधू लागली. ‘अडकणे’ पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात होतं. तिच्यापाशी इंग्रजीचं एकच आख्खं वाक्य होतं. नाक ओढत, थरथरत, तिने ते काढलं.

“आय ॲम फाइन, थँक यू.”

मागून टाळ्यांचा आवाज आला. “संपूर्ण वाक्य!” निरीक्षक गहिवरले होते. “आणि तेही स्वयंस्फूर्त!” टाळ्या संपल्यावर त्यांनी स्वतःच दार उघडलं. बोट काळंनिळं पडलं होतं. भिंगरीला पदक मिळालं, ते दुसऱ्या हाताने घ्यायची परवानगीही मिळाली. धाकटीला बढती मिळाली: सहायक अनाकलन-निरीक्षक.

त्या दिवसापासून धाकटी बढतीचं पत्र कोणाला दाखवेना. आपण नीच आहोत, हे तिला साफ कळत होतं आणि याला मात्र ‘पार्डन’ म्हणायची सोय नव्हती. तिने रजा टाकली. घरी जायचं, आपल्या भाषेत पोटभर बोलायचं आणि तिथूनच राजीनामा धाडायचा, असं ठरवून ती निघाली.

दार वहिनीने उघडलं. मागे चिमणी उभी होती, गळ्याला टाय आवळलेली. “चिमणे!” म्हणत धाकटी झेपावली.

“अगं अगं, इंग्रजीत!” वहिनी कुजबुजली. “ती आपल्या भाषेत बोलली की आम्ही कळलंच नाही असं करतो. शाळेनेही तेच सांगितलंय.”

“आणि मुळात तुझीच आयडिया ना ती!” दादा आतून आला. “तूच फोनवर सांगितलंस. ढिम्म राहायचं म्हणून. काय गुण आलाय म्हणून सांगू! पोरगी आता तोंडच उघडत नाही.”

धाकटी स्वयंपाकघरात गेली. आई भांडी पुसत होती. “मी नातीशी बोलतच नाही गं हल्ली,” ती खाली मान घालून म्हणाली. “मला कुठलं येतंय इंग्रजी? दादाने एक शिकवलंय, व्हेरी गुड. ती काही बोलली की तेवढं म्हणते.”

“आई, उद्यापासून हे सगळं बंद,” धाकटी म्हणाली. अगदी ठामपणे म्हणाली.

सगळे जेवायला बसले. चिमणी ताटात नुसती बोटं फिरवत होती. चेहरा पांढराफटक. मग ती हळूच धाकटीकडे सरकली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, “आत्या, पोटात खूप दुखतंय गं.”

ऐकू सगळ्यांनाच गेलं. दादा पंख्याकडे बघू लागला. वहिनीने पोळीचा तुकडा फार काळजीपूर्वक मोडला. इतके निर्विकार चेहरे धाकटीने शाळेत कुठेच पाहिले नव्हते, आजोबांचाही नाही. आणि इथे निरीक्षक नव्हता, करार नव्हता, परवाना जायची भीती नव्हती.

धाकटीने तोंड उघडलं. ‘कुठे दुखतंय गं बाळा?’ हे शब्द अगदी जिभेवर होते. पण मान आपोआप कलती झाली, ओठ आपोआप हसले.

“पार्डन?”

चिमणीने तिच्याकडे एकदा बघितलं. मग ताठ बसली आणि पोट दाबून धरत म्हणाली, “आय ॲम फाइन, थँक यू.”

आईचे डोळे भरून आले होते. “व्हेरी गुड,” ती म्हणाली.

धाकटीने राजीनामा धाडला नाही. रजेच्या शेवटी तिने खात्याला अहवाल पाठवला, की जिथे प्रशिक्षणाची मुळीच गरज नाही, घरोघरी तयार माणसं आहेत आणि तीही बिनपगारी काम करतात, असा एक प्रदेश आपल्याला सापडला आहे. अहवाल मंजूर झाला. निरीक्षक लवकरच दौऱ्यावर निघतील. ते तुमच्याही घरी येतील, जेवणाच्या टेबलाशी तुम्हाला ओळीत उभं करतील आणि तुमच्याच भाषेत विनोद सांगतील. मुलांना हसू आवरणार नाही, म्हणून खबरदारी घेऊन ते आधी तुमच्या मुलांना खोलीबाहेर काढणार होते, पण त्याची गरज पडणार नाही, असं धाकटीने त्यांना कळवलं आहे.